शाई न फुटणारा कागद

३ डिसेंबर

आजपासून रोजनिशी. खाजगी. नोलीनने वाचू नये. (वाचणार नाहीच. माझ्या अक्षरात बायकोलाच रस नाही, हेच तर दुखणं आहे.)

ठराव: येत्या फेब्रुवारीत ग्लेनहॅरीच्या शेतकी शोमध्ये हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस मी घेणार. गेली चार वर्षं दुसरा येतोय. पहिल्या मिसेस डनेट. बाई पूर्वी पोस्टात होत्या, आणि लिहितात कशाने, तर गुरांच्या डॉक्टरने फुकट वाटलेल्या बॉलपेनने! माझ्याकडे सतरा शाईपेन आहेत. सतरा! तरी दुसरा. म्हणजे दोष हाताचा नाही. पेनचा तर नाहीच नाही. उरला कागद. एवढी साधी गोष्ट चार वर्षं माझ्या डोक्यात कशी आली नाही?

नियम सोपे. दिलेला मजकूर एका पानावर लिहायचा. कागद ज्याचा त्याने आणायचा. पानावर नाव नाही, मागे फक्त नंबर. यंदाचा मजकूर: मेंढ्यांच्या खुरांची निगा. एकशेवीस शब्द.

नोलीनशी करार झाला. पहिला आलो तर सनरूम कायमची माझ्या पेनांची. नाही आलो तर माझं टेबल बाहेर आणि तिचा चरखा आत. चरखा सध्या घरातल्या लाँड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत आहे, वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मधे. ती म्हणाली, अरे मशीन गरगरायला लागलं की त्याच्याबरोबर मीही हलते, लोकरीचा धागा कसला डोंबलाचा निघणार! मला हे जरा वाढवून सांगितल्यासारखं वाटलं. हात मिळवला.

४ डिसेंबर

तत्त्व: महाग कागद घ्यायचा नाही. तसल्या जपानी कागदावर कुणीही गाढव सुंदर लिहील. खरा कलावंत स्वस्त कागद शोधून काढतो. शिवाय घरी येणारी बिलं नोलीन उघडते.

९ डिसेंबर

घरातल्या सगळ्या कागदांची परीक्षा. चर्चचं पत्रक: शाई फुटली, प्रत्येक अक्षराला मिशा आल्या. मेंढ्यांच्या लिलावाची यादी: शाई मागे झिरपली, तिथून टेबलक्लॉथवर. केक भाजायचा कागद: शाईचे थेंब मण्यांसारखे घरंगळत राहिले, बसायलाच तयार नाहीत.

टेबलक्लॉथ नोलीनच्या आईचा होता म्हणे. होता तर होता, मला आधी सांगायला नको?

सराव: उद्यापासून.

१४ डिसेंबर

मर्व्ह हॅगार्टच्या मटणाच्या दुकानात गेलो. तो मांस गुंडाळतो तो कागद मागितला, कोरा. मर्व्ह म्हणाला, काय रे लिंडसे, मटणाशिवाय नुसता कागद नेणारं पहिलंच गिऱ्हाईक तू, घरी काय उपास चाललेत की काय? दुकानात चार माणसं होती. चारही हसली. मी त्याला कागदाचं शास्त्र समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, बरं बाबा, घेऊन जा, पण निदान दोन सॉसेज तरी घे, नाहीतर लोक तुझ्याबद्दल काहीबाही बोलतील.

गुळगुळीत बाजूवर अप्रतिम उठलं. निळंशार, धारदार. फक्त वाळेना. चार तासांनी बोट लावलं तर बोट निळं. मग मांजर त्यावरून चालत गेलं, तिथून सोफ्यावर.

खरखरीत बाजूवर शाईने तळं केलं. मर्व्हला हे सांगायची गरज नाही.

२० डिसेंबर

म्हाताऱ्या ॲन्गस बेनीचा चर्चमध्ये अंत्यविधी. माणूस चांगला होता. पण कागद! काय तो कागद! प्रार्थनेचं पत्रक हातात आलं आणि बोटांनाच कळलं. दुसऱ्या स्तोत्राच्या वेळी सगळे उभे राहिले, मी खाली बसून मागच्या कोऱ्या बाजूला पेनने एक ओळ लिहिली. फुटलं नाही! मागे उमटलं नाही! तोंडातून वा! निघून गेलं. पुढच्या रांगेतली बेनीची बहीण मागे वळून पाहायला लागली.

बाहेर पडताना अकरा पत्रकं घेतली. नोलीनने माझ्या कोटाचा खिसा पाहिला आणि माझा दंड सोडला.

अंत्यविधीवाले अर्कार्ट दारातच उभे होते. त्यांना बाजूला घेतलं, हळूच विचारलं, हे पत्रक कुठे छापून घेता, आणि स्वस्तात पडतं का? त्यांनी माझा हात हातात घेतला. नोलीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाले, लिंडसे, डॉक्टर किती वेळ आहे म्हणतात? मी म्हणालो, फेब्रुवारीअखेरपर्यंत.

२२ डिसेंबर

अर्कार्ट घरी येऊन गेले. शवपेट्यांची चित्रं असलेलं पुस्तक ठेवून गेले. त्यांच्या बायकोने चीज रोल पाठवलेत, दोन डझन. गावात बातमी पसरलेली दिसते. मर्व्हने सॉसेज फुकट दिले आणि डोळे पुसले.

नोलीनने सगळ्यांना फोन करून खुलासा केला. दीड तास लागला. चीज रोल मात्र परत केले नाहीत.

पुस्तकाचा कागद चकचकीत. निरुपयोगी.

२७ डिसेंबर

बेनीची पत्रकं परीक्षेतच संपली. आणखी मिळवायची तर कुणीतरी जायला हवं. सध्या गावात सगळ्यांच्या तब्येती चांगल्या आहेत.

सराव केला नाही. इथे दक्षिण गोलार्धात डिसेंबरात भर उन्हाळा, शाई निबेतच वाळते. शिवाय नाताळचा पाव्हलोवा केक खाऊन हात जड झालाय.

८ जानेवारी

ऐतिहासिक दिवस!

टिमारू शहरात गेलो होतो. शाळा उघडायच्या आधीचा सेल. आयाबायांची झुंबड, एकेक वही म्हणजे कवडीमोल. मी दुकानातच खाली बसून चाचणी सुरू केली. पेन काढायचं, शेवटचं पान उघडायचं, एक रेघ. नवव्या वहीवर दुकानातली पोरगी आली आणि म्हणाली, आजोबा, अहो विकत घेतल्याशिवाय लिहायचं नसतं वहीत, तुम्हाला शाळेत शिकवलं नाही का? आजोबा! मी अडुसष्टचा आहे.

पण अकरावी वही! उसाच्या चिपाडाचा कागद, म्हणे. शाई बसते ती कातरल्यासारखी. मागे नावाला डाग नाही. वाळतेही झटपट. पहिलीदुसरीच्या मुलांची दुरेघी आहे, रेघा फिक्या निळ्या, अंतर अंमळ जास्त. परीक्षकाची नजर अक्षरावर असते, रेघांकडे कोण बघतो?

होत्या तेवढ्या सगळ्या घेतल्या. चाळीस. मागच्या बाईच्या पोराला एक हवी होती. नाही दिली.

१० जानेवारी

पुन्हा टिमारू. नवा माल आला होता. तेच कव्हर, तोच हसरा पेंग्विन. आणखी तीस घेतल्या. घरी येऊन लिहिलं तर शाई फुटली! दुसऱ्या कारखान्याचा माल असणार. हा विश्वासघात आहे. दुकानात फोन केला, म्हणालो, वहीची जात बदललीत आणि कव्हर तेच ठेवलंत? तिकडून कुणीतरी विचारलं, मूल कितवीत आहे?

तीस खोट्या वह्या ठेवायला जागा नाही. चरखा गॅरेजमध्ये नेऊन ठेवला, तात्पुरता. ट्रॅक्टरच्या टायरशेजारी.

१२ जानेवारी

धडा: कव्हरवर विश्वास ठेवायचा नाही. चाळीस चांगल्या वह्यांतही एखादी भेसळीची घुसली नसेल कशावरून? म्हणून प्रत्येक पान तपासणार. सतराही पेनांनी, पाठपोट. पानावर मधोमध ‘फुटत नाही’ असं लिहायचं आणि खाली तारीख.

नोलीन दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अरे पण सगळ्या पानांवर लिहून ठेवलंस तर शोसाठी काय उरणार तुला? बायकांना पद्धतशीर काम कळत नाही.

२९ जानेवारी

वही एकोणीस. फुटत नाही.

नोलीनने विचारलं, चरखा परत कधी आणतोस? म्हणालो, शो झाला की. ती म्हणाली, शोच्या आधी मला लोकर कातायला हवी ना रे. मी म्हणालो, गॅरेजमध्ये काय वाईट आहे, वारा आहे.

६ फेब्रुवारी

वही सत्तावीस. फुटत नाही. हात भलताच बसलाय. ‘फुटत नाही’ हे दोन शब्द आता मी देशातल्या कुठल्याही माणसापेक्षा सुंदर लिहितो. बाकीचे शब्द यातूनच आपोआप सुधारणार.

मिसेस डनेट पोस्टाबाहेर भेटल्या. म्हणाल्या, काय लिंडसे, यंदा कुठवर आलं? मी नुसता हसलो. त्या म्हणाल्या, मी तर रोज सकाळी एक पान लिहिते हो, चहाबरोबर. बिचाऱ्या! अजून मेहनतीवर भिस्त.

२१ फेब्रुवारी

वही चाळीस. शेवटून दुसरं पान. फुटत नाही.

एकूण निकाल: चाळीसही वह्या उत्तम. एकही पान खोटं नाही. इतकं काटेकोर काम या गावात आजवर कुणी केलं नसेल.

(संध्याकाळी) कोरं पान एकच उरलंय. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी

प्रवेश आज चारपर्यंत. दोन वाजता लिहायला बसलो. एकच पान, चुकायची सोय नाही. कागदाने जीव ओतला, शाई काय बसली! एकशेवीस शब्दांत ‘फुटत नाही’ एकदाही नव्हतं, याचा त्रास झाला. रेघांमध्ये अंतर जास्त, म्हणून अक्षर मोठं काढावं लागलं. ‘खूर’ दोनदा रेघेखाली घसरला. पण एकंदरीत दिमाख आहे.

चारला पाच कमी असताना हॉलमध्ये पोचलो. फॉर्म भरत बसायला वेळ नव्हता, नंबर लावून पान टेबलावर ठेवलं. ग्लेनिस नोंदणी करत होती, एका कानाला फोन, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी स्कोनची, त्या गोल गोड पावांची, बशी. तिने पान पाहिलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, अगं बाई, किती गोड! आणि कोपऱ्यात हसऱ्या सूर्याचा स्टिकर लावला.

स्टिकर पूर्वी नव्हता. प्रवेश मिळाल्याची खूण असावी. संस्था आधुनिक होतेय, चांगलं आहे. ग्लेनिसचं मत म्हणजे अर्धा निकालच.

नोलीनला म्हणालो, सनरूमला नवे पडदे शिवून टाक. ती बटाटे सोलत होती. सोलतच राहिली.

२८ फेब्रुवारी

शो.

दहाला दारं उघडली. मी पहिला आत. हस्ताक्षर, प्रौढ गट: पहिल्या मिसेस डनेट. दुसरे कुणीतरी शाळामास्तर. तिसरी मर्व्हची बायको. मर्व्हची बायको! माझं पान कुठेच नाही.

तोंडचं पाणी पळालं. चोरीला गेलं, दुसरं काय! ग्लेनिसला जाब विचारायला निघालो. वाटेत लहान मुलांचं टेबल. गाजराचा साळिंदर, बशीत वाळू भरून केलेल्या बागा, आणि मागे भिंतीवर हस्ताक्षर, वय वर्षं आठच्या आत.

तिथे मी होतो.

तिसरा नंबर.

पहिली कुणी फ्रेया, वय सात, पेन्सिलीने. दुसरा एक सहा वर्षांचा. माझ्या पानाखाली परीक्षकांचा शेरा: ‘मजकूर मोठ्यांचा निवडलास, धाडसाचं कौतुक. अक्षर रेघेवर बसवायला शीक. शाईपेनची घाई नको, आधी पेन्सिलवर हात बसू दे. शाब्बास!’

ओरडून सांगणार होतो, की हे माझं आहे, गट चुकलाय. सांगितलं तर सगळ्या गावाला कळणार, लिंडसे टलॉक सात वर्षांच्या पोरीकडून हरला. गप्प बसलो तर मी स्पर्धेत नव्हतोच, म्हणजे करार हरलो. शेजारी मिसेस डनेट येऊन उभ्या राहिल्या. चष्मा लावून माझं पान वाचलं. म्हणाल्या, या पोराच्या हातात काहीतरी आहे हो, कुणीतरी जवळ बसवून नीट शिकवायला पाहिजे. मी म्हणालो, हो.

मग नोलीन आली. तिने भिंतीकडे एकदाच पाहिलं. एक्केचाळीस वर्षं माझ्या किराण्याच्या याद्या वाचल्यात तिने. ओठ घट्ट मिटले होते, खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती.

तेवढ्यात ग्लेनिस आली आणि तिला म्हणाली, नोलीन, अगं हातकताईच्या लोकरीत यंदा तुझं काहीच नाही? बावीस वर्षांत पहिल्यांदा! बरं नव्हतं का? नोलीन म्हणाली, नाही गं, चरखा गॅरेजमध्ये आहे, टायरपाशी. साध्या आवाजात म्हणाली. हसणं थांबलं होतं.

मला लाज वाटली. तिसऱ्या नंबरची नाही, ती वेगळी. ही आतून वाटली आणि अजून जात नाही. तिने काही कातलंच नाही, हे दोन महिन्यांत मी पाहिलंच नव्हतं. मी कागद बघत होतो.

१ मार्च

सकाळी न सांगता टेबल बाहेर काढलं. सतरा पेन डब्यात. चरखा पुसला, तेल दिलं, सनरूममध्ये खिडकीशी ठेवला. नोलीन आली, बसली, पायाने एकदा फिरवून पाहिला. म्हणाली, टेबल लाँड्रीत ठेव, मशीनशेजारी जागा आहे. चहा दिला. बरोबर लोणी लावलेला स्कोनही होता, म्हणजे फार रागावलेली नसावी.

तिसऱ्या नंबरचं कार्ड तिने फ्रीजवर लावलंय, आमच्या नातीने काढलेल्या घोड्याच्या चित्राशेजारी. काढू का विचारलं, तर म्हणाली, खबरदार.

दुपारी लाँड्रीत बसून खोट्या वहीत एक पान लिहिलं. पेन्सिलीने. मशीन चालू होतं, अक्षर सगळं हललं. नोलीनला दाखवलं. तिने दोन ‘खूर’ खोडून पुन्हा काढायला सांगितलेत.