चाके जमिनीवर टेकल्यावरच आवळावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झालेली परिचारिका, असे लिहून ठेवते की माझी नखे काळी असली तरी डोके लख्ख आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी तो आणण्याचा प्रयत्न केला त्यांचा उल्लेख योग्य त्या कलमात येईलच. माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात गाडी विकावी असे लिहिले होते, आणि ते लिहिताना मी दुसऱ्यांचे ऐकले होते.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेवी यांचे मुलगा आणि मुलगी यांच्यात दोन समान वाटे करावेत. यावर मला जास्त बोलायचे नाही.

कलम २. माझी सोन्याची साखळी सुनेला द्यावी. तिने आजवर एकदाही ‘या वयात’ हे शब्द माझ्यासमोर उच्चारलेले नाहीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ३. गाडीचे जुने मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी कमानी, माझ्या धाकट्या दिरांना द्यावेत. ते स्वतःला जुन्या मोटारींचे जाणकार म्हणवतात. ‘वहिनी, मूळ गाडीला हात लावणं म्हणजे पाप आहे,’ असे ते चारचौघांत म्हणाले होते. त्यापूर्वी त्यांनी स्वतः गाडीला हात लावला होता, तो असा: पाट्यांच्या सांध्यांत रबराचे बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या जाड नळ्या, असतात. ते त्यांनी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, टांगलेली असतानाच करकचून आवळले. गाडी खाली आली, रबराला पीळ बसला आणि पावसाळा संपण्याआधी सगळे बुश फाटले. तेव्हा म्हणाले, ‘जुनी गाडी आहे, कुरकुरणारच.’ पाटे मी घासून, तेल लावून ठेवले आहेत. मूळचे आहेत. त्यांनी ते उशाशी घेऊन झोपावे.

कलम ४. आता गाडी. ती माझ्या वडिलांची. माझे यजमान गेल्यावर मुलगा म्हणाला, आई माझ्याकडे राहील. मुलगी म्हणाली, माझ्याकडे. प्रकरण हमरीतुमरीवर आले आणि दोघांनी बोलणे टाकले. आईसाठी मुले भांडतात म्हणून शेजारी माझा हेवा करत. मला मात्र कोणी विचारले नाही. घर बंद करायचे आणि गाडी विकायची, एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत होते. त्यातच गाडी मागून बसकी झालेली, प्रत्येक खड्डा थेट माझ्या पाठीत. डॉक्टरांनीही गाडी चालवायला मनाई केली. मी म्हटले, मणका बदलता येत नाही, पाटे तर बदलता येतात!

घरामागच्या शेडमध्ये मी ते बदलले. नवे पाटे घडवून घेतले आणि मागे धक्के पचवणारे, नव्या पद्धतीचे उभे शॉकअप बसवले. ते अडकवायच्या पट्ट्या लेथवाल्या शेजाऱ्यांनी कापून दिल्या, पण मापे माझी. थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी हत्यारे मोजायची सवय, त्यामुळे एक वॉशरही इकडचा तिकडे झाला नाही. मला या कामाचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

शेवटचे आवळणे राहिले होते. गाडी चाकांवर उभी असावी, आत माणसे बसलेली असावीत आणि मग खालून आवळावे, तर रबर वर्षानुवर्षे सुखाने राहते. मी दोन्ही मुलांना बोलावले. कोणाकडे राहणार ते आई सांगणार, अशा समजुतीने दोघे धावत आले. मी त्यांना मागच्या सीटवर बसवले आणि पाना घेऊन गाडीखाली, शेडमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरले.

वरून आवाज आला, “आई, हिला म्हणावं पर्स मांडीवर घे.”

“आई, ह्याला म्हणावं मला ऐकू येतं.”

“हलू नका,” मी खालून ओरडले. “वजन सरकतं.”

मी पहिले दोन नट आवळले. मग मुलगा हळूच म्हणाला, “हे सगळं खरंच आईनं केलं?”

“मग काय, तू केलंस?” मुलगी म्हणाली, आणि दोघे हसत सुटले. डोक्यावर पाटे हलताना मला दिसत होते. मी आवळायची थांबले. किती वर्षांनी ऐकत होते ते हसणे! मी खड्ड्यात बसून रडले. वर कोणाला कळले नाही.

ते बोलणे तेवढ्यापुरतेच टिकले. पुढे पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

कलम ५. म्हणून गाडी आणि माझी सर्व हत्यारे दोघांना मिळून देते. वाटे करता येणार नाहीत. अट एकच. इतक्या वर्षांनी बुश आता बदलायला झाले आहेत. नवा संच लोखंडी कपाटात पावडर लावून ठेवला आहे. तो दोघांनी मिळून बसवावा. उजवी बाजू आवळताना मुलीने खाली जावे आणि मुलाने वर बसावे, डावीला उलट. खालच्याने सांगायचे, वरच्याने ऐकायचे. माझ्या वर्षश्राद्धापर्यंत हे झाल्याची सुनेची खात्री पटली नाही, तर गाडी दिरांना द्यावी. ते जुने पाटे परत चढवतील आणि टांगूनच आवळतील. हे तुम्हा दोघांना पाहवणार नाही, हे मला ठाऊक आहे.

कलम ६. आवळताना ‘आईचं वजन’ म्हणून माझ्या सीटवर वाळूचे पोते ठेवायचे कोणाच्या तरी मनात येईल. मुलगा हळवा आहे, त्याच्याच येईल. तसे करू नये. माझी जागा रिकामीच ठेवावी. मी नसल्याचे गाडीला कळू द्यावे, आणि तुम्हा दोघांच्या वजनावर तिला नीट बसू द्यावे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार १: लेथवाले शेजारी. (साक्षीदाराला काही देता येत नाही असे कळले, नाहीतर मोठा पाना यांचाच होता.)

साक्षीदार २: डॉक्टर. (मनाई करणारे हेच. आज यांना घरी मीच सोडणार आहे.)

स्थळ: घरामागची शेड. गाडी चारही चाकांवर उभी.
दिनांक: ६ मार्च २०२२, रविवार.