धक्क्यावरचा रातांबो

मालवण,
२४ मे १९५९

प्रिय भाई,

बाटल्या संपल्या! बाराशेच्या बाराशे! काल मोसमातली शेवटची आगबोट सुटली, तेव्हा धक्क्यावर माझ्याजवळ रिकामी खोकी आणि सरबताने लाल झालेलं लुगडं एवढंच उरलं होतं. आई मला बघून आधी घाबरली, मग इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. कधी एकदा तुला कळवते असं झालं होतं, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी काय दशा होती, ते तुला ठाऊक आहे. कोकम सरबताच्या पहिल्या दोनशे बाटल्या माजघरात रचल्या आणि आठवड्यात त्यांची बुचं फटाफट उडू लागली. भिंती लाल, घरभर आंबूस वास, आणि शेजारची हौसाबाई दारातून विचारतेय, "काय गो सुभद्रा, शिमग्यानंतर दिवाळी करतंस?" मी शाळेतली चित्रकलेची बाई. सरबत का आंबतं हे मला काय कळणार! तू मुंबईहून उलट टपाली लिहिलंस की अंदाजाने तापवू नको, मोजून तापव; आणि बुचं हाताने ठोकू नको. सोबत पत्र्याचं बूच दाबून बसवायच्या यंत्राचा नकाशा, प्रत्येक खिळ्याच्या मापासकट. शिवा लोहाराने तो कागद चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि म्हणाला, "भाईन काढल्यान मां? मगे जमतला." तीनदा फसलं. चौथ्यांदा त्याने जुन्या मोटारीची स्प्रिंग लावली आणि बूच असं घट्ट बसलं की काढताना माझं नख तुटलं. शाळेतला थर्मामीटर मी हेडमास्तरांकडून मागून आणला. हंगामाच्या शेवटी पुन्हा शंभर बाटल्या भरल्या, हंड्यातल्या पाण्यात ठेवून पारा बघत तापवल्या. त्यातली एकही फुटली नाही, भाई.

त्या शंभर घेऊन मसुऱ्याला आंगणेवाडीच्या जत्रेत बसले. दिवसभरात अकरा गेल्या. बाकी लोक चव घेत, "बरा आसा" म्हणत आणि पुढे जात. एक म्हातारी तर म्हणाली, "बाय, घराघरात कोकमां आसत. बाटलेतला कोण पितलो?" मला राग आला, पण ती खरंच बोलत होती. परतीच्या एसटीत ते अकरा चेहरे आठवत बसले. अकराही जण मुंबईचे चाकरमानी होते! ज्यांच्या परसात कोकमाचं झाड उरलं नव्हतं, त्यांनीच बाटली घेतली होती.

तिथून सगळं बदललं. पहिल्या लेबलावर छापखानेवाल्याने देवीचं चित्र घातलं होतं, ते मी काढून टाकलं. देवी असलेली रिकामी बाटली टाकताना माणसाचा हात अडतो. एकाच लाल शाईत, मधोमध कापलेलं कोकमाचं फळ काढलं, बिया कोऱ्या कागदाच्याच पांढऱ्या ठेवल्या. वर मोठ्या अक्षरात नाव: 'रातांबो'. छापखानेवाला म्हणाला, "बाई, हे अशुद्ध आहे, 'रातांबा' हवं. शाळेत शिकवता ना तुम्ही?" मी म्हटलं, "आमच्या घरात असंच म्हणतात. छापा." वाडीतल्या सीताने आणि तिच्या जावांनी माडाच्या पात्यांच्या पिशव्या विणल्या, दोन बाटल्या बसतील अशा, बोट हलली तरी एकमेकींवर आपटणार नाहीत अशा.

या महिन्यात बोटीच्या दिवशी धक्क्यावर मांडामांड केली. पहिला तासभर कोणी फिरकलं नाही. मग डोक्यावर ट्रंक घेतलेला एक गिरणीकामगार थबकला, बाटली हातात घेऊन मोठ्याने ओरडला, "रे, हेच्यार रातांबो लिवल्यानी हा!" दहा माणसं वळली. "माका चार दी गो. थंय पोरांका दाखवतलंय." त्यानंतर मला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. काल तर लालबागच्या एका दुकानदाराने पुढच्या हंगामासाठी तीन हजार बाटल्या मागितल्या, लेखी!

आता ज्यासाठी हे पत्र, ते लिहिते. तुझ्या चाळीतला बाबली मुंबईला परतताना काल धक्क्यावर भेटला. यंदा तुला रजा मिळाली नाही, असं तू कळवलंस. गेल्या दोन पत्रांतलं अक्षर तुझं नव्हतं, ते मी ओळखलं होतं. विचारायचं धाडस झालं नाही. बाबलीने सांगितलं. उजव्या हाताची तीन बोटं तुटली, फाल्गुनात, कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये. आणि घरी तोंड कसं दाखवू म्हणून तू खोलीत बसून आहेस. आईलाही मी काल सांगितलं. ती रडली, मग उठून तिने तुझी खोली झाडली. भाई, तीन हजार बाटल्यांना शिवाचं एक यंत्र पुरणार नाही. ठोकायला, कापायला शिवाचे हात आहेत. काय ठोकायचं ते सांगणारं इथे कोणी नाही. तू बोल, नकाशा मी काढते. आपल्या धंद्याची पाटी काल रात्रीच रंगवली, तिच्यावर आपली दोघांची नावं आहेत, तुझं आधी. बोटी आता नारळी पौर्णिमेपर्यंत बंद, तोवर थांबू नकोस. कोल्हापूरवरून एसटीने ये. कधी निघतोस तेवढं बाबलीकडून लिहवून घे. नाहीतर, स्वतःच डाव्या हाताने लिही. कसंही असो, मी वाचीन.

तुझीच,
सुभद्रा