टेबलाचा चौथा पाय

मी, खाली सही करणारी, सुताराची धाकटी मुलगी, धंदा भंगारातलं लाकूड-लोखंड जोडून फर्निचर आणि पुतळे करणे, पत्ता पक्का नाही, पूर्ण शुद्धीत आणि दोन चहा पोटात असताना हे लिहून ठेवते आहे. कोणाची जबरदस्ती नाही. उद्यापासून मी जहाजतोडणीच्या यार्डात लोखंड कापायला लागणार. मुकादम म्हणाला, इथं खाली बघून चालणारा टिकत नाही. तेव्हा वरून काही पडायच्या आत लिहिलेलं बरं. शाळेत निबंध अर्धा टाकून खिडकीतून पळाले होते, त्यानंतर एवढं लांब लिहायची ही पहिलीच वेळ.

एक. बँकेत जे काही असेल ते आईचं. तिनं ते डब्यात जपून ठेवू नये. कवळी करून घ्यावी आणि पुन्हा शेंगदाणे खावेत.

दोन. बगळा. पंख शिंप्याच्या जुन्या कात्र्यांचे, मान सायकलच्या साखळीची. तोही आईचाच. त्याच्या चोचीवर ती ओलं फडकं वाळत घालते, ते तसंच घालत राहावं. प्रदर्शनवाल्यांनी मागितला तर देऊ नये. त्यांनी पाटीवर मला 'हौशी' लिहिलं होतं.

तीन. हत्यारं वहिनीची. हे सगळं अमलात आणायचं कामही तिच्याकडेच. ती दादाची बायको आहे खरी, पण खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, म्हणून तिच्यावर विश्वास. यातला ग्राइंडर मात्र शेजारच्या ग्रिलवाल्याला परत करावा. तो म्हणतो मी चोरला. मी विचारून आणला होता, तो झोपेत 'हूं' म्हणाला होता. ग्राइंडर द्यावा, माफी मागू नये.

चार. माझा थोरला भाऊ, यापुढे 'दादा'. खरं तर यापुढे त्याला दादा म्हणावं का, यावरच माझं पेन अडलं आहे.

आमच्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, बाबांचा एक नियम होता. जुन्या वस्तूला नव्याचं ठिगळ लावायचं नाही. कमी पडेल ते शोधायचं, आणि सापडेपर्यंत काम भिंतीला टेकवून ठेवायचं. मी एक टेबल असंच टेकवून ठेवलं होतं. वरच्या फळ्या पाडलेल्या नाट्यगृहाच्या रंगमंचाच्या, नाचणाऱ्यांच्या टाचांचे खड्डे त्यात अजून आहेत. एक पाय पलंगाचा, एक शिलाई मशीनचा बिडाचा, एक जिन्याच्या कठड्याचा. चौथा बाबांच्या कामाच्या बाकाचा असणार होता. बाबा गेले आणि काकानं तो बाक परस्पर विकून टाकला होता. मी म्हटलं, मी शोधून आणते. दादा म्हणाला, "जा. मी टेबलाला हात लावणार नाही." हे त्याचे शब्द. आई साक्षीला आहे.

बाक भंगारवाल्याकडून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेला होता, तिथून एका होडी दुरुस्त करणाऱ्याकडे. मधे मी एका सर्कशीत झुले सांधायला राहिले, त्याचा इथं संबंध नाही. होडीवाल्यानं बाक जाळून टाकला होता. एक पाय तेवढा त्याच्या दाराला टेकू म्हणून उरला होता. मी त्याच्या दाराला कडी बसवून दिली आणि पाय काखोटीला मारून घरी आले.

भिंतीपाशी टेबल नव्हतं. दादा बाहेर गेला होता. वहिनीला विचारलं तर तिचे कान आधी लाल झाले आणि मग ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंकडे आहे. मी तशीच गेले. बाई भल्या आहेत. मला त्याच टेबलाशी बसवून चहा दिला आणि चौथ्या पायावरून हात फिरवत म्हणाल्या, "हा तुमच्या वडिलांच्या बाकाचा ना? दादांनी सांगितलं. मी रोज हात लावते याला."

खरा पाय गोणपाटात माझ्या मांडीवर होता. मी चहा प्यायले.

पाय नवा कोरा होता. काळवून मुरवलेला, बाबांची करवत बाकाच्या पायाला लागून पडायच्या तशा खाचासुद्धा पाडलेल्या. फक्त बाबा डावरे होते. त्यांच्या खाचा पायाच्या डाव्या कडेला. दादा लहानपणी समोर बसून फळीचं दुसरं टोक धरायचा, त्याला त्या उजवीकडे दिसायच्या. त्यानं उजवीकडे पाडल्या.

घरी येऊन मी त्याला विचारलं, विकायचं होतं तर विकायचंस, बाबांचं नाव कशाला लावलंस?

तो रंधा मारायचा थांबला नाही. म्हणाला, "तायडे, तू येशील याचा भरवसा कोणी धरायचा? आणि बाबा काय तुझ्या एकटीचे होते? तो बाक मला पाठ आहे."

मी गोणपाट सोडून पाय त्याच्यापुढे ठेवला. त्यानं बघितलं, आणि तोंड फिरवून पुन्हा रंधा मारायला लागला. मी पाय परत गोणपाटात बांधला आणि त्याच दिवशी निघाले.

पाच. शेडमधला माझा अर्धा हिस्सा दादाचा. मला भिकेची वाटणी नको आणि भांडणाचीही नको.

सहा. बाबांच्या बाकाचा पाय दादाला. अट अशी की त्यानं तो स्वतः डॉक्टरीणबाईंकडे न्यावा, आपला काढून हा बसवावा, आणि काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं. बसवण्याआधी समोरून नाही, बाबा उभे राहायचे त्या बाजूला उभं राहून एकदा बघावा. त्यानं केलेला पाय जाळू नये. तो चांगला झाला आहे. माझं खरं दुखणं तेच आहे.

सात. मी यार्डातून धडधाकट परत आले तर हे सगळं रद्द, कलम सहा सोडून. ज्यांच्या दुकानात बसून हे लिहिते आहे ते कुलूपवाले काका म्हणतात, "अगं, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं." मी म्हटलं, होऊ दे. या कलमासाठी मी थांबणार नाही. पाय आजच वहिनीच्या नावानं पाठवते आहे.

वरचं सगळं मीच लिहिलं, वाचून दाखवलं, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही : सुताराची धाकटी

साक्षीदार : १. कुलूपवाले काका (सही). २. गॅसच्या टाक्या वाहणारी मावशी (अंगठा. वाचून दाखवताना चौथ्या कलमाला तिनं दादाला शिवी दिली, ती इथं लिहिलेली नाही.)

ठिकाण : यार्डाच्या फाटकासमोर, कुलपांच्या दुकानात
दिनांक : सात फेब्रुवारी