ससा गल्लीतली करवत

३ मार्च

एकदाचे आलो. सामानवाले गेले, बायकोने नव्या घरातला पहिला चहा केला आणि आम्ही दोघं मागच्या खिडकीत रानाकडे तोंड करून बसलो. म्हणजे जेवढं रान उरलंय तेवढ्याकडे. वसाहतीच्या उंच भिंतीपलीकडे टेकडीभर झाडी आहे. अलीकडची आमच्या दिवाणखान्याच्या कामी आली. गल्ल्यांना नावं मात्र मोठ्या मायेने दिली आहेत. हरिण गल्ली, कोल्हा गल्ली आणि आमची ससा गल्ली. ज्याला हाकललं त्याचीच पाटी लावायची. घरातही म्हातारा गेल्यावरच त्याचा फोटो मोठा करून घेतात.

घर ऐसपैस आहे. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली, तिला लागून गच्ची. खोट एकच, वरच्या कपाटाचं दार बसत नाही. बायको म्हणाली, अहो, सुताराला आजच सांगा, तुमचं ‘उद्या’ मला चांगलं माहीत आहे. शहरातलं घर विकून इथे यायचा हट्ट माझा, त्यामुळे कपाटापासून हवामानापर्यंत सगळ्याचा जाब मलाच द्यायचा आहे.

९ मार्च

शेजारीणबाई भेटल्या. त्यांच्याकडे एक बुटकं कुत्रं आहे. पोस्टमन, पाखरू, वारा, कशावरही भुंकतं. मी त्याचं नाव भोंगा ठेवलंय. बाईंना अजून सांगितलेलं नाही.

इथे खरकटं मागच्या भिंतीवरून पलीकडे भिरकावतात. वसाहतीच्या अध्यक्षांच्या भाषेत, निसर्गाचं निसर्गाला परत. संध्याकाळी पलीकडे रानडुकरांची पंगत बसते. बायको म्हणाली, आपल्याकडच्या लग्नांपेक्षा शिस्तीत जेवतात.

१४ मार्च

काल दिवेलागणीला पहारेकऱ्याने बिबट्या पाहिला. डुकरांमागून आला असणार. भिंतीबाहेर एक जुनं झाड आहे, आमच्या बाजूला वाकलेलं. त्याच्या फांदीवरून तो आत उतरतो. बुंध्यावर नखांचे ओरखडे आहेत, नवे आणि जुने.

आज सभा झाली. कोणी म्हणे फटाके लावा, कोणी म्हणे भिंत वाढवा. एकाने डुकरांविरुद्ध तक्रार करा म्हटलं, पण कोणाकडे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी कंटाळून म्हणालो, त्याचा जिना काढून घ्या की, झाड कापा. टाळ्या पडल्या. माझ्या बोलण्याला टाळ्या पडायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. बायकोने तेवढं विचारलं, झाड आपल्या आधीपासून आहे ना हो? मी म्हणालो, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस.

१५ मार्च

सकाळी बायको भावाकडे गेली. वहिनीचं बाळंतपण आहे. भर दुपारी झाड पाडलं. यंत्राने लोण्यासारखं कापलं. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आता त्याला वसाहतीत पाय ठेवता येणार नाही, म्हणाले.

मग घरी येऊन जरा पडलो, तर शेजारच्या अर्धवट घरात सुतार सुरू. खर्र-खर्र, खर्र-खर्र, मग गप्प, मग पुन्हा. सुट्टीच्या दिवशी एवढा कामसू माणूस! कपाटासाठी यालाच धरायला हवं.

२० मार्च

भोंगा दिसत नाही. शेजारीणबाई हाका मारत सगळ्या गल्ल्या फिरल्या. हरिण गल्लीतली दोन भटकी कुत्रीही गेली. अध्यक्ष म्हणतात, चोर.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. भिंतीपलीकडची डुकरं निवांत आहेत. पिल्लं मोकळी हुंदडतात, कान टवकारत नाहीत, पळत नाहीत. बाहेर त्यांना आता कोणाची भीतीच उरलेली नाही.

सुताराला हाक मारली. आवाज थांबला. उत्तर नाही. शिष्ट दिसतो.

२२ मार्च

फाटकाशी शेजारच्या घराचा सुतार भेटला. मी त्याला चांगलंच झापलं, की आठवडाभर झोप उडवतोस आणि हाकेला ओ देत नाहीस. त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. म्हणाला, साहेब, मी दुसऱ्या गावी कामावर होतो, आज पाय ठेवतोय. आणि हाताने करवत हल्ली कोण चालवतं?

घरी आलो. मागची खिडकी लावली. थोड्या वेळाने —

खर्र-खर्र. खर्र-खर्र.

लाकूड कापल्याचा आवाज, पण भुसा कुठेच नाही. बिबट्याची हाक करवतीसारखी असते, असं कधीतरी वाचलं होतं. झाड कापताना तो बाहेर आहे की आत, हे आम्ही कोणी बघितलंच नाही. मीही नाही.

२३ मार्च

वनखात्याचे लोक आले. अध्यक्षांनी त्यांना भिंतीबाहेर नेऊन झाडाचा बुंधा दाखवला. पिंजरा तिथेच लावून गेले. बाहेर.

मी म्हणालो, तो आत आहे. मागचं फाटक उघडं टाका, सगळे घरात बसू, जाईल बिचारा. अध्यक्ष म्हणाले, वेड लागलंय का तुम्हाला, फाटक उघडलं तर तो आत येईल! आणि हे चारचौघांत बोलू नका म्हणाले, अजून निम्मी घरं विकायची आहेत. फाटकाला दुसरं कुलूप लावलं.

गच्चीच्या दाराला कडी घातली. खाली बैठकीत झोपतो.

२५ मार्च

बायकोचा फोन. मुलगी झाली. खुशीत होती. कपाट झालं का, विचारलं. मी म्हणालो, सुतार रोज येतो. कसं सांगू — घर माझं, झाड माझं, टाळ्याही माझ्याच. रविवारी येते म्हणाली. तोवर काहीतरी करीन. नाहीतर सरळ सांगीन, येऊ नकोस म्हणून.

गच्चीच्या कठड्यावर ओरखडे आहेत. आतल्या बाजूने.

तो भिंतीशी जाऊन हुंगतो, परत येतो. वाट शोधतोय. सापडत नाही. उपाशी आहे —

२६ मार्च

दुपार. अध्यक्षांच्या पाया पडून आलो. ऐकलं नाही.

घरी येतो तर दार नुसतं लोटलेलं. बैठकीत तिची बॅग. आजच आली. घर कोंदटलंय म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या आहेत तिने. वर गुणगुणतेय. कपाट आवरतेय बहुतेक. जिन्याच्या वळणावर ऊन पडलंय —

गच्चीचं दार उघडलंय तिने.

वळणावर शेपूट. नुसतं टोक हलतंय. पाठ माझ्याकडे, तोंड वर, तिच्या खोलीकडे.

ओरडलो तर ती बाहेर येईल. न ओरडलो तर —

स्वयंपाकघराच्या दाराआड आहे. या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून अंगणातून वर दाखवीन, दार लाव, बाहेर येऊ नकोस. खिडकीत आली तर. आलीच तर —

खर्र-खर्र.

तिनेही ऐकलं. वरून विचारतेय, अहो, सुतार आला का? पाठवा ना वर —

पावलं. तिची. दाराकडे —

अगं, द