पाण्यात न भिजणारी पानं

सर, तुमच्या कपाटातल्या पोथ्या आता पाण्यात टाकल्या तरी भिजत नाहीत. परवा आपल्या संशोधन ग्रंथालयात जतन सोहळा झाला, प्रमुख पाहुणा मी. चिटणीसांनी व्यासपीठावर बादली मागवली, मोडीतलं एक पान तिच्यात बुडवलं, निथळवलं आणि उंच धरलं. टाळ्या पडल्या. अर्धी दप्तरं लॅमिनेट झाली आहेत. बसस्थानकासमोर लोक आधार कार्डाला प्लास्टिक चढवून घेतात ना, त्याच दुकानात. मी ते पान हातात घेतलं. यंत्राच्या गरम रुळांनी कागद करपल्यासारखा झालाय, कडांचा चुरा आतल्या आत अडकलाय, शाई फुटून अक्षराला अक्षर चिकटलंय. प्लास्टिक सोडवायला गेलं तर कागदाचा पापुद्रा त्याच्यासोबत येतो. म्हणजे हे आता असंच राहणार, कायमचं आणि कोणाला वाचता न येणारं.

तुम्ही मोडी वाचायचात, फारसीही. घरच्या टेलरिंगच्या दुकानात उरलेलं लाल कापड आणून एकेक दप्तर बांधायचात, पावसाळा सरला की सावलीत उघडून ठेवायचात. उमरखेडच्या कुणी माळा झाडताना काढलेले कागद तुम्ही एसटीत मांडीवर घेऊन आलात. कंडक्टर टपावर टाका म्हणाला, तर तुम्ही त्यालाच विचारलंत, हे तुझ्या आज्याहून म्हातारे, आज्याला टपावर बसवशील का? जुम्म्याला नमाजला जाताना कपाटाची किल्ली माझ्या हाती द्यायचात, त्या तासाभरात मी पाणीसुद्धा प्यायचो नाही. आणि तो पहिला दिवस. मी जिभेला बोट लावून पान उलटतो. तुम्ही चष्म्यावरून बघता, आवाज चढवत नाही. "थुका कायले लावून राह्यला बे? अडत्याच्या नोटा हायेत का ह्या?" मग हात धुवायला धाडता, आणि परत आल्यावर पान उलटूही देत नाही. दुपारभर नुसतं बघायचं. संध्याकाळी तुम्ही पानाखाली तळवा सारून ते उचलता, झोपलेलं मूल उचलावं तसं, आणि म्हणता, "आता तू."

उरलेली दप्तरं सोमवारी टेम्पोतून जाणार होती. भाषणाआधी मी चिटणीसांना बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, तुमचाच विद्यार्थी, माझ्याआधीचा. तो म्हणाला, "भाऊ, अर्धं वाळवीनं खाल्लं, छत गळून राह्यलं. काय करू मी? निदान राहीन तरी." मी म्हटलं, राहील, पेंढा भरलेला वाघ राहतो तसं. तर म्हणाला, थे भाषणात बोला ना तुमी, लोकायले आवडते.

बोललो. इतकी वर्षं नगरसेवकांवर, पुढाऱ्यांवर लिहून लोकांना हसवलं, त्या दिवशी पहिल्यांदा सरळ मागणं मागितलं: उरलेली दप्तरं दुकानात नेऊ नका, हे जतन नाही, आपण ही पानं मारून टाकतोय. पहिली रांग हसली. मी म्हटलं, गंमत करत नाही. त्यावर आणखी मोठं हसू. मागून कोणी ओरडलं, "आमच्या बुढ्यालेबी लॅमिनेट करून द्या, भाऊ!" चिटणीस हसून हसून डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयाच्या समितीतल्या एकेकाच्या घरी गेलो. सगळ्यांनी चहा पाजला, भाषणाची तारीफ केली, आणि विषय काढला की पुन्हा हसले. सोमवारी टेम्पो आला. मी फाटकाशी उभा होतो. ड्रायव्हरनं गठ्ठे फळीवर फेकले, वर ताडपत्री टाकली, आणि मला साहेब समजून सलाम करून गेला.

हे लिहून मी टेबलाच्या खणात टाकणार आहे. कब्रस्तानात येऊन तुम्हाला वाचून दाखवावं, इतकं तोंड मला नाही. कारण एक गोष्ट वर नीट सांगितलेली नाही. पहिलं हसू आलं तेव्हा मी ते ओसरेपर्यंत थांबलो. पुढचं वाक्य, ते 'गंमत करत नाही', जरा सूर लावून टाकलं, कुठे लागेल हे मला ठाऊक होतं. लागलं. सर, मला ते हसू आवडलं.