चौकीवरची फटफटी

शहापूर, ता. ९ डिसेंबर १९४३

रा. रा. रंगूभाऊ यांस देवजीचा रामराम.

इकडं सगळी खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. भात झोडून झालं. तुमची बहीण बाईजा बरी आहे. माझा गुडघा सोलला होता, तोही सुकला. मुरबाडहून येताना सरळगावजवळ खडीवरून गाडी घसरली, एवढंच.

गाडी आता घरी नाही. शनिवारी जमादार शिपायांना घेऊन आला. घर झडलं नाही, माळा पाहिला नाही. सरळ मागं गेला, पेंढ्याच्या उडवीत हात घातला आणि पेट्रोलचा डबा बाहेर काढला. बिनकुपनाचं पेट्रोल म्हणून डबा नेला आणि फटफटीही ढकलत नेली.

तानसाच्या इंजिनिअर साहेबाकडून घेतली त्या दिवसापासून तिच्यावर माझ्याशिवाय कुणी बसलेलं नाही. बेल्जम देशाची तसली गाडी या बाजूला दुसरी नाही. किन्हवली, धसई, मुरबाड, जिथं भातगिरणीचं इंजिन बंद पडेल तिथं मी तिच्यावरूनच जातो. आता चौकीच्या आवारात उभी आहे. शिपाई तिच्यावर लंगोट वाळत घालतात.

फौजदाराला विचारलं, खबर कुणी दिली? तो हसला. म्हणाला, "घरच्याच माणसानं."

रंगूभाऊ, दिवाळीत डबा उडवीत ठेवताना तुम्हीच हात दिला होता. कल्याणच्या कुणा शेटला गाडी हवी आहे, हेही तुम्हीच काढलंत. मी नाही म्हटल्यावर न जेवता झोपलात. जप्त झालेली गाडी लिलावात कवडीमोल जाते, एवढं मला कळतं. मी आळ घेत नाही. पण डबा कुठं आहे हे माझ्याशिवाय तुम्हालाच ठाऊक होतं. बाईजाला होतं, पण ती बिचारी कुणाशी बोलणार?

ता. १३

पत्र टाकलं नाही. वरचं लिहून झाल्यावर बाईजाला वाचून दाखवलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "माज्या भावावर घालू नका. चौकीवर मी गेलते."

"कशाला?"

"सरळगावला खडी नव्हती. तिथल्या वेणूनं सांगितलं मला. गाडीवरच शुद्ध गेलती तुमची. त्याआधी किन्हवलीला पण तेच. विचारलं तर म्हणता, डोळ्यात धूळ गेली."

"मग मला बोलायचं."

"बोलले नाय का? तुमी त्या फटफटीशिवाय कुणाचं ऐकता?"

मग मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला तरी वाटे, माझा हात थरथरतो का हे बघते आहे. वेणूनं आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल? मुरबाडचा गिरणीवाला मला म्हणाला होता, "देवजी, इंजिनाच्या पट्ट्यापासून लांब बस." ते उगाच का?

परवा दंड भरून गाडी आणली. काल सकाळी धसईहून निरोप आला. मी किक मारली, तशी बाईजा कासोटा खोचून आली आणि मागच्या कॅरिअरवर बसली.

"उतर."

"नाय."

"मी पडलो तर तूपण मरशील."

"म्हणून तर बसले. आता पडून दाखवा."

पुढं रस्ताभर तिचा हात माझ्या पाठीवर होता. धरायला होता की पारखायला, मला कळलं नाही. सरळगाव आलं तसा मी गाडी बंद केली आणि बांधावर बसलो.

तिनं विचारलं, "आलं का?"

"नाही. येईल असं वाटतंय."

गाडी आम्ही दोघांनी वेणूच्या अंगणात ढकलली आणि बैलगाडीनं धसईला गेलो. इंजिन चालू केलं. पट्ट्यापासून लांब बसूनच केलं.

कल्याणला रेल्वेतला डॉक्टर तुमच्या ओळखीचा आहे ना? विचारून ठेवा. आसनगावहून आगगाडीनं येईन. बाईजाही येईल, मी न विचारता.

वरचा मजकूर खोडलेला नाही. तुमच्याबद्दल मनात काय आलं होतं ते माझ्याच हातचं वाचा. रागावून का होईना, आम्हाला घ्यायला स्टेशनात या.

डॉक्टरला कळवायला म्हणून बाईजानं एक ओळ सांगितली आहे. मी ती लिहिली की नाही, हे तिला वाचून पाहता येणार नाही. लिहितो. मला फेफरं येतं.

तुमच्यावर संशय घेतलेला,
देवजी