खऱ्या मापाचा लॅपटॉप

प्रिय शालकमहाशय,

अनेक आशीर्वाद. (खरं म्हणजे अर्धेच. उरलेले अर्धे राखून ठेवले आहेत. का, ते पुढे वाचलंस की कळेल.) तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. मागच्या फोनवर मान धरली आहे म्हणत होतास. दिवसभर पडद्याकडे बघण्याचा पगार घ्यायचा आणि घरी आल्यावर करमणूक म्हणून पुन्हा पडद्याकडेच बघायचं, एवढ्या कष्टांत मान धरली नाही तरच नवल. तुझ्या बायकोला नमस्कार सांग. ती शहाणी आहे हे मी तुमच्या लग्नातही म्हणालो होतो, तेव्हाही कुणी मनावर घेतलं नाही. मी तसा बरा आहे. रक्तदाब थोडा वाढला आहे, पण डॉक्टरांना कारण सांगायची सोय नाही, कारण ते कारण म्हणजे तू.

गेल्या सुट्टीत तू आमच्याकडे आठवडाभर राहून गेलास. पाहुणा जाताना काहीतरी विसरून जातो. कुणी छत्री, कुणी टॉवेल. तू एक अख्खं गाव मागे ठेवून गेलास. सहज गंमत म्हणून तुझ्या ताईला तो खेळ दाखवलास, ज्यात माणसं आपापल्या घरी बसून संगणकातल्या एकाच गावात नांदतात. घरं बांधतात, शेतं पेरतात, बाजारात उभी राहून एकमेकांशी गप्पा मारतात. तुझ्या ताईने आयुष्यभर टेलिफोनच्या कचेरीत बसून अनोळखी माणसं एकमेकांना जोडून दिली. तिला निवृत्तीनंतर हे मिळालं म्हणजे काय झालं असेल, याचा तू विचार करायला हवा होतास. (विचार करणं हा तुझा प्रांत नाही, हे मान्य.) बघता बघता ती त्या गावची कारभारीण झाली. आता कुठल्या देशातली कोण माणसं आपल्या घराचं छप्पर लाल करू का निळं, हे तिला विचारून ठरवतात. मी मात्र चहात साखर आहे का, हे विचारतो, तेव्हा उत्तर येतं, चाखून बघा.

पूर्वी संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसायचो. ती वाटाणे सोलायची आणि मी तिला माझ्या धाडींच्या गोष्टी सांगायचो. वजनमापे निरीक्षक म्हणून मी एवढी वर्षं काढली, काय काय लबाड्या पकडल्या. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, तळ ठोकून वर घेतलेलं तेलाचं माप. तिला सगळ्या गोष्टी पाठ होत्या, तरी मेणाचा गोळा आला की ती बरोब्बर त्याच जागी अगबाई म्हणायची. आता चहा झाला की ती त्या गावात. गोष्टी मी कुंडीतल्या झाडाला सांगून पाहिल्या, ते वाळलं. मला करमत नाही, हे एकदाच लिहून टाकतो. पुन्हा विचारू नकोस.

तर मुद्दा लॅपटॉपचा. तिच्या जुन्या यंत्राला ते गाव झेपेनासं झालं. बाजारात गर्दी झाली की पडदा गोठायचा, आणि गावची कारभारीण एक पाय हवेत उचलून भर चौकात तशीच उभी. (मी एकदा म्हणालो, बगळा झालीस. त्या दिवशी संध्याकाळचा चहाही बंद झाला.) त्यात तिच्या गावाने नदीवर पूल बांधायला काढला होता, उद्घाटन तिच्या हातून व्हायचं होतं, आणि उद्घाटनाला एका पायावर उभं राहणं तिला शोभलं नसतं. म्हणून नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं. मी म्हणालो, निवड मी करणार. ज्या माणसाने जन्मभर दुकानदारांच्या थापा मोजल्या त्याला डावलून तुझ्यासारख्याला विचारायचं, हे मला पटणारं नव्हतं. ती बरं म्हणाली. तिच्या त्या बरंचा अर्थ मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही वेळेवर कळत नाही.

मी माझी जुनी पिशवी काढली. तीत ताणकाटा, टेप, थर्मामीटर आणि भिंग. दुकान म्हणशील तर बाहेरून काचेचं आणि आतून अंधारं, आणि त्या अंधारात मांडलेल्या लॅपटॉपांची बटणं जांभळी, हिरवी, लाल अशी पेटलेली. टाइप करायच्या यंत्राला एवढी रोषणाई कशाला, असं विचारलं तर दाढीवाला विक्रेता म्हणाला, काका, गेमिंगचा फील येतो. मी त्याच्या बापाचा भाऊ नव्हे, आणि फील कुठल्या मापात भरून देतात ते मला शिकवलेलं नाही. पण मी शांत राहिलो. (साधारण पहिला चहा येईपर्यंत.)

पडद्यावर चिठ्ठी होती, पंधरा पूर्णांक सहा इंच. टेप लावला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेतेरा भरलं. माझ्या अंगात जुना निरीक्षक संचारला. विक्रेत्याला बोलावलं, तर तो हसून म्हणतो, पडदा तिरका मोजतात. तिरका! अरे, कुणी कापडवाल्याने कापड तिरकं मोजून दिलं असतं, तर मी त्याच दिवशी त्याच्या दुकानाला सील ठोकलं असतं. मग साठवणीची जागा. डब्यावर पाचशे बारा, आत उघडून बघितलं तर चारशे शहात्तर. उरलेली कुठे गेली? तर म्हणे बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि यंत्र एक हजार चोवीसच्या. म्हणजे विकायचं माप वेगळं आणि वापरायचं माप वेगळं! एवढा उघडा कबुलीजबाब मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता, आणि तो देणारा माणूस वर हसत होता. वजनाचं तसंच. चिठ्ठीवर लिहिलेलं वजन ताणकाट्यावर जमलं, पण त्यासोबतचा चार्जर म्हणजे भाजलेली वीट. ती धरली तर वजन दीडपट होतं. ती वेगळी असते काका, म्हणाला. घोडा विकायचा आणि पाय वेगळे असतात म्हणायचं.

बॅटरी आठ तास चालते, असा पुढचा दावा. मी म्हणालो, बसतो. खुर्ची ओढली, प्लग काढायला लावला आणि खेळ सुरू करायला लावला. पंखा असा सुटला की मला वाटलं शेजारी कुणी मिक्सर लावला. बटणांवर थर्मामीटर टेकवला (आपला नेहमीचा, तापाचा), तर पारा वरच्या टोकाला जाऊन बसला आणि उतरायला तयार होईना. माणसाला एवढा ताप असता तर घरच्यांनी नातेवाइकांना फोन लावले असते. दुसरा चहा आला, तिसरा आला नाही, आणि आठ तासांची बॅटरी जेवायच्या वेळेआधीच गतप्राण झाली. ते आठ तास गेम न खेळता धरायचे असतात, असा खुलासा मिळाला. म्हणजे गेमिंगचा लॅपटॉप गेम न खेळल्यास उत्तम चालतो.

यानंतर त्याने सूड घेतला. व्हर्च्युअल दुनिया अनुभवून तर बघा म्हणाला आणि माझ्या डोळ्यांवर तो डबा बांधला, जो घातल्यावर दुकान दिसेनासं होतं आणि आपण दुसरीकडेच उभे असतो. मी एका बाजारात उभा होतो. खरं सांगतो, बाजार चांगला होता, दुमजली घरं, फरसबंदी रस्ता. पण समोरच्या दुकानात तराजू होता, आणि त्यात काही ठेवलेलं नसताना एक पारडं खाली! मी बाकी काही पाहिलं नाही. ते पारडं उचलायला मी जो हात घातला, तो इकडे लागला विक्रेत्याच्या चष्म्याला, आणि त्याला सावरायला वळलो तेव्हा पिशवीने पेटलेल्या बटणांची अख्खी रांग खाली आणली. डबा काढला तेव्हा सगळं दुकान माझ्याभोवती गोळा झालं होतं. मी नोकरीतला जुना नियम पाळला: धाडीनंतर चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

एवढी शोभा झाल्यावर माणूस मुकाट घरी येतो. मी आलो नाही. मी त्या दुकानातला एकेक लॅपटॉप तपासला आणि कोपऱ्यातल्या फळीवर मला एक सापडला, करड्या रंगाचा, बिनरोषणाईचा. चिठ्ठीवर जेवढं वजन तेवढंच भरलं, चार्जर हलका, पंखा मुका, अंग गार, आणि बॅटरी तर दाव्यापेक्षा जास्त. त्या सगळ्या चोरबाजारात हा एकच सज्जन. विक्रेता म्हणत होता की काका, हा ऑफिसचा आहे, याला ग्राफिक्स कार्ड नाही, गेमची चित्रं याला झेपणार नाहीत. पण ज्याने मला पडदा तिरका मोजून दाखवला त्याच्या तोंडच्या सल्ल्याला मी किती किंमत देणार? घेतला. तिथल्या तिथे खोका फोडून, आतली सगळी सील भिंगाखाली खरवडून खातरजमा केली.

घरी तुझ्या ताईने गाव उघडलं. उघडलं, नाही असं नाही. पण माणसांना चेहरे नव्हते. झाडं म्हणजे काठीवर ठेवलेले हिरवे खोके. आणि नवा पूल तर दिसेचना. गावकरी नदीवरून अधांतरी चालत पलीकडे जात होते. मग तिने ते यंत्र दोन्ही हातांनी उचललं, जरा तोललं, आणि म्हणाली, "वजन मात्र अगदी बरोबर आहे हो."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली. पिशवी नाही, टेप नाही. तिथे जाऊन तिने म्हणे एकच वाक्य टाकलं, की माझं गाव यावर उघडून दाखवा. त्याने उघडलं. ती पुलावरून पलीकडे गेली, परत आली, आणि घेतला. तोच, तिरका पडदा आणि भाजलेली वीट. (याला निवड म्हणत नाहीत, ही नुसती खरेदी झाली.) माझा सज्जन काही दुकानाने परत घेतला नाही, सील खरवडलेली असल्यामुळे. तो माझ्या गळ्यात पडला. हे पत्र त्याच्यावरच टाइप करतो आहे. आतल्या खोलीत तिचा पंखा घोंघावतो आहे, बाहेरच्या खोलीत माझा मुका आहे, आणि उद्या त्या पुलाचं उद्घाटन. असल्या खोट्या पुलांवर नाचणाऱ्या रिकामटेकड्या माणसांबद्दल माझं मत तुला आता विचारायची गरज उरली नसेल.

कळावे, आणि कळून काही फरक पडत असेल तर तेही कळवावे.

अर्ध्या आशीर्वादांसह,
तुझा भावोजी

ता. क. माझा एक मित्र आहे. (तू त्याला ओळखत नाहीस.) त्याला विचारायचं आहे की त्या खेळात माणसाला समोर बघत चालवायचं कसं. त्याचा माणूस सारखा आभाळाकडे बघत चालतो आणि विहिरीत पडतो. जमलं तर लगेच कळव, त्याला घाई आहे.

ता. ता. क. मित्र वगैरे कुणी नाही. तुझ्यासारख्याशी खोटं बोलण्यात मजा नाही, तुला पटकन खरं वाटतं. मी परगावचा गाडीवान म्हणून त्या गावात जाऊन येऊन आहे. सगळे बिनचेहऱ्याचे दिसतात, पण तुझी ताई चालण्यावरून ओळखू येते. बाजारातला तराजू तिथेही बिघडलेला आहे. काहीही ठेवा, पुरेच भरतं. मी चौकातल्या फळ्यावर तक्रार लिहिली. मग आणखी लिहिल्या. कारभारणीने प्रत्येकीला उत्तर दिलं, आपले आभार, दखल घेतली आहे. घरात माझ्या कुठल्या तक्रारीचे आभार कुणी मानले आहेत? असो. विनंती एवढीच की तिच्या घराशेजारी एक जागा रिकामी दिसते, ती मला कशी मागता येईल ते सांग. गाडीवान कोण आहे ते तिला कळता कामा नये. बोललास तर आशीर्वाद उरलेलेही जप्त.

ता. ता. ता. क. पत्र धाडायचं राहिलं ते बरं झालं. आज उद्घाटन झालं. मी काठावर उभा. माझ्या सज्जनाच्या पडद्यावर पुलाचा पत्ता नाही, नुसतं पाणी. सगळं गाव माझ्या डोळ्यांदेखत हवेतून पलीकडे गेलं, आणि मला काही पाऊल उचलवेना. जे दिसत नाही, मोजता येत नाही, त्यावर पाय ठेवायचा माझा सराव नाही. तेवढ्यात कारभारीण पलीकडून मागे वळली. तशीच अधांतरी चालत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली: पूल आहे. मी मोजून घेतलाय. ती अक्षरं उमटत होती तेव्हा आतल्या खोलीतून बटणांची टकटक ऐकू येत होती. मी तरीही उभाच. मग टकटक थांबली आणि आतून हाक आली, "अहो गाडीवान, टाका की पाऊल! चहा निवतोय."

पहिल्याच तक्रारीला ओळखलं होतं म्हणे. परक्या गावात येऊन आधी तराजू बघणारा दुसरा कोण असणार.

जागेसाठी खटपट करू नकोस. तिने ती पहिल्यापासून अडवून ठेवली आहे. कुणी मागितली की सांगते, मोजणी व्हायची आहे. राखून ठेवलेले अर्धे आशीर्वाद यासोबत पाठवतो आहे. पुरे भरतात का ते बघत बसू नकोस. मीही मोजले नाहीत.